पंधरावी फेरी

पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करतो तो पंच कच्चा. आवाज कानापर्यंत यायला वेळ लागतो, धूर मात्र लगेच दिसतो. म्हणून शर्यत सुटताना आम्ही वेळ घेणारे पंच धावपटूंकडे बघतच नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या पिस्तुलावर डोळे लावून बसायचं आणि धूर दिसला की अंगठा दाबायचा. शेवटीही तसंच. धावणाऱ्याचं डोकं रेषेपुढे आलं, हात आला, तरी घड्याळ चालूच ठेवायचं. छाती रेषेवर आली की थांबवायचं. पहिल्या नंबरासाठी तीन पंच आणि तीन घड्याळं असतात. तिन्हींवर वेगवेगळ्या वेळा आल्या तर मधली खरी धरायची.

मी पोलादपूरच्या एका हायस्कुलात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. राहायला महाडात, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. रोज सकाळच्या एसटीनं पोलादपूर गाठायचं. शाळेत मी पीटीचे कदम सर आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या की वेळ घेणारा पंच. तीसेक वर्षं हे केलं. लोकांना वाटतं, यात काय आहे, बटण तर दाबायचं. पण बटण दाबल्यावर जो आकडा येतो त्याच्याशी माणसं कशी भांडतात ते बघायला हवं. एका मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, आमच्या मुलाची वेळ जरा जास्तच वाटते. घड्याळ उन्हानं तापलं असेल का?" मी म्हटलं, "तापलं असेल, पण सगळ्यांसाठी सारखंच तापलं असेल."

बिरवाडीला एकदा ज्येष्ठांची चालण्याची शर्यत होती. सत्तरी ओलांडलेले दोन सख्खे भाऊ, शेताच्या बांधावरून वीस वर्षं अबोला धरलेले, तीत उतरले. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून असे चालले की बाकी सगळे मागे पडले, आणि रेषेवर दोघांची छाती एकदमच आली. आम्ही दोघांना मिळून पहिला नंबर जाहीर केला. थोरला म्हणाला, "त्याच्यासंगं पयला? त्यापरीस मला दुसरा द्या." धाकटा म्हणाला, "मग मला तिसरा द्या." शेवटी दोन पाट पाच हात अंतरावर मांडले आणि दोघांना वेगवेगळं 'पहिला' म्हणून पुकारलं. तेव्हा कुठे हार घालून घेतले.

असले किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी ठरवलं, यंदा जे सांगायला मला सतरा वर्षं लागली तेच सांगायचं. तसंही आता ते महाड-पोलादपुरात बहुतेकांनी पडद्यावर पाहिलं आहे.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत आम्हाला आणखी एक काम असतं, फेऱ्या मोजायचं. आमच्याकडे मोठी मैदानं कमी. शाळेच्या मैदानावर फक्कीनं आखलेला दोनशे मीटरचा गोल. तीन हजार मीटर धावायचं म्हणजे पंधरा फेऱ्या. धावणारा दमलेला असतो, त्याला मोजता येत नाही. म्हणून पंच एका कागदावर प्रत्येकाचा छातीवरचा नंबर लिहितो आणि तो समोरून गेला की त्या नंबरापुढे फेरीची वेळ टिपतो. शेवटची फेरी आली की घंटा वाजवतो. शर्यत संपल्यावर निकालाचा पक्का कागद वेगळा तयार होतो, त्यावर सह्या होतात आणि तो फायलीत जातो. फेऱ्यांचा कच्चा कागद कोणी विचारत नाही. तो बहुतेक वेळा वडापाव बांधायच्या कामी येतो.

दर्शना आमच्या शाळेत आठवीला आली. उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. एसटी चुकली की पळत यायची, आणि एसटी बऱ्याचदा चुकायची. पहिल्यांदा तिला मैदानावर पळताना बघितलं तेव्हा मी घड्याळ झटकून परत बघितलं. अंगात ताकद किती आहे हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. दोन वर्षांत तिच्याबरोबर पळायला जिल्ह्यात मुलगी उरली नाही.

तिचे वडील पांडुरंग, वाडीत सगळे त्यांना पांडूभाऊ म्हणत. नाचणी, थोडं भात आणि चार म्हशी. मान खाली घालून बोलणारा माणूस. पण त्या वर्षी त्यांनी एक गोष्ट केली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते नानांच्या पॅनेलविरुद्ध उभे राहिले. नाना म्हणजे आमच्या भागातले त्या वेळचे वजनदार पुढारी. आमच्या शाळेची संस्था त्यांचीच, आणि खेळाडू निवडणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. पांडूभाऊ नुसते उभे राहिले असते तर नाना हसले असते. पण ते निवडून आले.

महिन्याभरानं राज्य स्पर्धेसाठी मुलींची निवड होती. तीन हजार मीटरच्या फेऱ्या मोजायला मी होतो. दर्शनाचा नंबर एकतीस. चौथ्या फेरीलाच ती एकटी पुढे गेली आणि शेवटी शेवटी बाकीच्या मुलींना तिनं अख्खी फेरी मागे टाकलं. मी चौदा फेऱ्या टिपल्या, घंटा वाजवली, ती पंधरावी धावून रेषेवर आली, मी तीही वेळ टिपली, आणि ती माझ्याकडे बघून हसली. दुसरी मुलगी यायला बराच वेळ होता. मी तेवढ्यात पाणी प्यायलो.

अर्ध्या तासानं मला मांडवात बोलावणं आलं. नाना खुर्चीत बसले होते, समोर निकालाचा कागद. आवाज नेहमीसारखाच, गोड.

"कदम सर, त्या एकतीस नंबरची एक फेरी कमी झाली ना?"

"नाही नाना. पंधरा झाल्या."

"परत बघा. बाकीच्या पोरी मागं पडल्या की मोजताना घोटाळा होतो. घंटा एक फेरी आधी वाजली असेल."

म्हणजे चूक माझी आणि बाद ती. मी परत सांगितलं, "माझ्याकडे पंधराही वेळा टिपलेल्या आहेत."

नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारच्या माणसाला म्हणाले, "सरांना पक्का कागद द्या. सही करतील ते."

त्या कागदावर एकतीसपुढे लिहिलं होतं, चौदा फेऱ्या, बाद. माझं पेन सदऱ्याच्या खिशाला लावलेलं होतं, सगळ्यांना दिसत होतं. मी म्हणालो, "नाना, माझं पेन कुणी तरी नेलंय वाटतं."

मांडवात कोणी हसलं नाही. नाना थोडंसं हसले. "असू दे," म्हणाले, आणि दुसऱ्या पंचानं सही केली. मी माझा कच्चा कागद डायरीत घालून बाहेर पडलो. घरी जाईपर्यंत माझ्या मनात आलं की मी सही केली नाही, म्हणजे मी बरा माणूस आहे.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. लाउडस्पीकरवर निकाल पुकारला गेला तशी दर्शना माझ्याकडे धावत आली. पायात बूट नव्हते, पायांना फक्की लागलेली.

"सर, मी चौदाच धावले का हो?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की आपल्या मोजण्यात चूक झाली. मी तिला सांगायला हवं होतं. मांडव वीस पावलांवर होता. मी म्हणालो, "निकाल वरून आलाय बाळ. आता काय करणार."

ती "बरं सर" म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी पांडूभाऊ महाडला आमच्या घरी आले. सुलभानं, माझ्या बायकोनं, चहा ठेवला. पांडूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सर, पोरगी म्हनते तुमी कागदावर टिपत होता. तेवढा कागद मिळंल का? तक्रार लिवायची हाय."

तो कागद तिथून चार हातांवर, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात होता. माझी दोन मुलं शाळेत होती, नोकरी नानांच्या संस्थेत होती, आणि पोलादपूरचा शिक्षक लांबच्या शाखेत पाठवायला एक चिठ्ठी पुरत होती. मी म्हणालो, "तो ऑफिसात जमा होतो, पांडूभाऊ. माझ्याकडे नाही."

"नाय?"

"नाही."

त्यांनी चहा संपवला, सुलभाला हात जोडले आणि गेले. सुलभानं कपबश्या उचलल्या. ती एक शब्दही बोलली नाही, आणि पुढे सतरा वर्षं त्याबद्दल बोलली नाही.

दर्शनाचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पांडूभाऊंनी तिला साताऱ्याकडे मामाकडे ठेवलं. ती तिकडून धावली. मग राज्य, मग देश. पाच हजार मीटरची राष्ट्रीय विजेती झाली, परदेशात पदक मिळवलं, सरकारी नोकरी लागली. तिचं पदक आलं तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवर अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर तिच्या फोटोपेक्षा नानांचा फोटो मोठा होता. मी एसटीतून उतरून तो बघितला आणि शाळेत गेलो. मुलांना पेढे वाटले. मुलं म्हणाली, "सर, तुम्ही शिकवलंत ना तिला?" मी हो म्हणालो.

महाडला मोठा पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता माझी सगळी प्रमाणपत्रं, फोटो, मुलांच्या वह्या लगदा होऊन बाहेर आल्या. पत्र्याचा डबा मात्र माळ्यावर कोरडा सापडला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. तो वाहून गेला असता तर सुटलो असतो.

मग मी निवृत्त झालो. आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये ईशा आली.

तळ्यावर त्या दिवसांत राज्यभरातून माणसं येतात, आमच्या गल्लीत रिक्षाही शिरत नाही, म्हणून ती स्टँडपासून चालत आली होती. तिशीची, मुंबईची दिग्दर्शिका. पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, आम्ही दर्शनाताईंवर चित्रपट करतोय. शर्यती खऱ्या वाटायला हव्यात. मैदान कसं आखायचं, पंच कुठे बसतात, घड्याळ कसं धरतात, हे सांगायला माणूस हवाय. शाळेत चौकशी केली तर सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं."

ती संहितेची वही ठेवून गेली. मी चष्मा लावून निवडीच्या शर्यतीचं पान काढलं. लिहिलं होतं: 'वेळ घेणारा पंच. पन्नाशीचा, पान खाणारा, लाचार हसणारा. नेत्याकडे बघत सही करतो.'

मी तेव्हा पंचेचाळिशीचा होतो आणि पान मी जन्मात खाल्लं नाही. मी इतका चिडलो की वही आपटली. "बघ, बघ काय लिहिलंय! मी सही केली नव्हती!"

सुलभा भाजी निवडत होती. म्हणाली, "मग सांगा की त्यांना तुम्ही काय केलं होतं ते."

मी वही उचलून ठेवली. ईशाला फोन करून काम करीन म्हणून कळवलं, त्या पानाबद्दल मात्र काही बोललो नाही. मैदान आखायचं शिकवलं, निवडलेल्या मुलींना छाती पुढे काढून रेष ओलांडायला शिकवलं. दर वेळी वाटायचं आज सांगू, आणि दर वेळी मी घड्याळाविषयीच बोलायचो.

पावसाळा संपला आणि चित्रीकरण जवळ आलं तसा घोळ झाला. संहिता कुणीतरी नानांच्या घरी पोचवली. नाना आता थकलेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत, पण कारभार त्यांच्या मुलाकडे आहे. संस्थेनं मैदानाची परवानगी रद्द केली, आणि पाठोपाठ वकिलाची नोटीस आली: निवडीत अन्याय झाल्याचा पुरावा द्या, नाहीतर तो प्रसंग काढा.

ईशा आमच्या ओट्यावर बसून सांगत होती. "निर्माते म्हणतात, कशाला वाद? दर्शना आजारी होती म्हणून त्या वर्षी गेली नाही, असं दाखवू. सर, नुसता मैदानाचा प्रश्न असता तर बिरवाडीकडे दुसरं मैदान बघितलंय मी. पण पुरावा कुठून आणू? दर्शनाताई म्हणतात मी पंधरा धावले. पण त्यांनी असं म्हणणं म्हणजे पुरावा नाही ना."

"आणि दर्शना काय म्हणते? आजारी दाखवायला?"

"त्या म्हणाल्या, मग चित्रपटच नको."

ती गेल्यावर मी ओट्यावरून उठलो. मग आत जाऊन स्टूल घेतलं आणि माळ्यावरचा डबा काढला. स्टूल हलत होतं. सुलभानं येऊन स्टूल धरलं.

"पुरात हा कसा वाचला कोण जाणे," मी म्हणालो.

"आपोआप चढला का तो माळ्यावर?" ती म्हणाली. "पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तुम्ही टीव्ही उचलत होता. मी हा उचलला."

मी वरूनच तिच्याकडे बघितलं. तिनं स्टूल सोडलं नाही. "उतरा हळू," म्हणाली. "आणि वकिलाकडे द्यायच्या आधी दर्शनाला आणि पांडूभाऊंना नेऊन दाखवा. मी येते बरोबर."

दर्शना दिवाळीसाठी वाडीला आलेली होती. आम्ही उमरठपर्यंत गाडी केली आणि तिथून वर चालत गेलो. मला दोनदा थांबावं लागलं. दमही लागला होता, आणि पाय पुढे जायला तयारही नव्हते. पांडूभाऊ पडवीत बसले होते. केस पांढरे, बाकी तसेच. दर्शना आतून आली आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला थांबवलं.

"आधी ऐकून घे," म्हटलं. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मांडव, पेन, डबा, पांडूभाऊंना दिलेलं उत्तर. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. मग कागद तिच्या हातात दिला.

कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिल पुसली नव्हती. तिनं एकतीस नंबरची ओळ शोधली. तिच्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन... पंधरापर्यंत गेली. परत पहिल्यापासून मोजलं. मग कागद वडिलांच्या हातात देऊन अंगणात गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

पांडूभाऊंनी कागद बघितला. त्यांना तो वाचायची गरज नव्हती.

"मला तवाच कळलं हुतं सर," ते म्हणाले. "च्या देताना तुमच्या मंडळींनी माझ्याकडं बघितलंच नाय, तवाच."

"मग परत का आला नाहीत? भांडला का नाहीत माझ्याशी?"

"परत आलो असतो तर तुमी परत खोटं बोलला असता. मग मला तुमच्या तोंडाकडं बघवलं नसतं. पोरगी अजून तुमच्याच हाताखाली शिकत हुती."

दर्शना परत आली. डोळे लाल होते, पण आवाज शांत होता.

"सर, तुम्हाला माहीत नाही, मी अजूनही फेऱ्या मोजते. प्रत्येक शर्यतीत, बोटांवर. प्रशिक्षक ओरडायचे, मोजू नकोस, पळ. राष्ट्रीय स्पर्धा जिंकले तेव्हा पदक घ्यायच्या आधी पंचांना जाऊन विचारलं, फेऱ्या बरोबर झाल्या ना? ते हसले. त्यांना वाटलं आनंदानं वेडी झालेय." ती थांबली. "मी सगळ्यांना सांगायचे की पंधरा धावले. पण मलाच खात्री नव्हती. चित्रपटात तो प्रसंग ठेवायचा म्हटला तर मला झोप लागेना. वाटायचं, मी चौदाच धावले असेन तर? बाबांनी उगाच एवढ्या माणसांशी वैर घेतलं असेल तर?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच," ती म्हणाली. "नानांना घाबरलात ते कळतं मला. कागद दिला नाहीत तेही कळतं. पण मी विचारलं तेव्हा कोणी ऐकत नव्हतं सर. हळूच सांगितलं असतंत, फक्त मला, तरी चाललं असतं. ते वर्ष गेलं असतं तर जाऊ दे. मी मोजत तरी बसले नसते."

सुलभा उठली, पांडूभाऊंच्या मालकीणबाईंना म्हणाली, "चूल कुठे आहे तुमची? चहा मी करते." दर्शना तिच्यामागे आत गेली. जरा वेळानं आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज आला, आणि मग मी पडवीत खाली बसलो.

नोटिशीच्या उत्तराला त्या कागदाची प्रत आणि माझं लेखी निवेदन जोडलं. आठवडाभर फोन वाजला की मी दचकायचो. निवृत्त माणसाचं कोण काय वाकडं करणार, हे डोक्याला कळत होतं, पण सवय जात नव्हती. पुढे नानांकडून काहीच आलं नाही. ना उत्तर, ना माणसं. निर्मात्यांनी प्रसंग ठेवला. ईशानं पंचाचं पान नव्यानं लिहिलं आणि मला वाचायला दिलं. म्हणाली, "नको असेल तर पेनाचं काढते." मी म्हटलं, "राहू दे. तेच खरं आहे."

माझी भूमिका करणारा नट दोन दिवस आमच्याकडे राहिला. भला माणूस. घड्याळ धरायचं शिकला, फेऱ्या टिपायचं शिकला. मग हळूच विचारलं, "सर, ती मुलगी विचारत होती तेव्हा तुमचे हात कुठे होते?" मी उठून उभा राहून आठवायला लागलो. उजवा हात खिशातल्या डायरीवर होता. मी तसा ठेवून दाखवला. त्यानं ते लिहून घेतलं.

या उन्हाळ्यात चित्रपट लागला. महाडच्या पहिल्या खेळाला जागा नव्हती. पोलादपूरहून, वाड्यावाड्यांतून टेम्पो भरून माणसं आली होती. दर्शना आणि पांडूभाऊ पुढच्या रांगेत, आम्ही दोघं मधे कुठेतरी. आमच्या मागे उमरठकडच्या बाया बसल्या होत्या.

तो प्रसंग आला. पडद्यावर लाउडस्पीकर वाजला, ती लहान मुलगी अनवाणी धावत आली आणि विचारलं, "सर, मी चौदाच धावले का हो?" नटानं उजवा हात खिशावर ठेवला आणि खाली बघितलं.

मागून एक बाई मोठ्यानं ओरडली, "अरं मेल्या, सांग की तिला! पंधरा म्हन!"

कोणीतरी हसलं. मग दुसरा आवाज आला, "पंधरा!" मग तिसरा. बघता बघता अर्धं थिएटर पडद्याकडे बघून ओरडत होतं. पुढच्या रांगेत दर्शनाचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती मला मागून कळेना. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. मला वाटलं होतं, या क्षणी मी शरमेनं मरेन. तसं झालं नाही. एवढी माणसं मोठ्यानं ते बोलत होती आणि माझ्यापाशी लपवायला काही उरलं नव्हतं. सुलभानं माझा हात घट्ट धरला.

खेळ सुटला. बाहेर ऊन रणरणत होतं. आम्ही उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे होतो तेवढ्यात मागची ती बाई आली. साठीची असेल, डोक्यावर पदर, हातात पिशवी. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"अवो, तुमीच का ते सर?" तिनं तोंडावर पदर धरला. "या बया! मी तुमाला मेल्या म्हनले!"

"बरोबरच म्हणालात," मी म्हटलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, अगदी निरखून. "पर मग ह्ये सगळं त्या शिनेमावाल्यांना सांगितलं कोनी?"

"मीच सांगितलं."

"सोताहून?"

"हो. उशिरा, पण सांगितलं."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि रसवाल्याकडे वळली. "यांच्यात बरफ घालू नको रं. सरांचं वय झालंय."

सुलभा इतकी हसली की तिला ग्लास खाली ठेवावा लागला.